मुंबईत वडिलांना घेऊन रानात चालायला कुठे जाता येईल? (बोरिवली-कांदिवलीच्या जवळपास)

सावित्रीकाठ

मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा काहीतरी विचारतोय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून लिहितो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७१. आख्खं आयुष्य पोलादपूर तालुक्यात गेलं. भातशेती, थोडी वरकस (डोंगरउतारावरची हलकी जमीन), चार आंबे आणि घराच्या वरच्या अंगाला रान. आई दोन वर्षांपूर्वी गेली, त्यानंतर ते एकटेच होते. ह्या पावसाळ्यात पडवीत पाय घसरून पडले, सकाळी पडले ते शेजाऱ्यांना दुपारी कळलं, मग मी आणि बायकोने ठरवलं की आता पुरे, आणि गणपती झाल्या झाल्या त्यांना इकडे कांदिवलीला घेऊन आलो.

पायाला आता काही नाहीये. डॉक्टर म्हणाले चालतील तेवढं चालू द्या. पण चालणार कुठे? आम्ही सातव्या मजल्यावर, खाली सोसायटीचं गार्डन आहे, त्यात लॉन, ओळीने लावलेले पाम आणि पेव्हर ब्लॉकचा गोल ट्रॅक. पहिल्या दिवशी खाली नेलं तर वाकून लॉनचं गवत खुडलं, चिमटीत चुरडून नाकाला लावलं आणि म्हणाले, "ह्याला वास नाय." तेव्हापासून खाली जातात पण गेटपर्यंत जाऊन परत येतात. बाकी दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसून.

गॅलरीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. परवा संध्याकाळी मला म्हणाले, "त्या डोंगराला कारवी हाय का रं?" कारवी म्हणजे डोंगरउतारावर दाटीने वाढणारं झुडूप, आणि मला उत्तर देता आलं नाही. चौदा वर्षं मी इथे राहतोय, रोज सकाळी चहा घेताना तोच डोंगर बघतो आणि त्याच्यावर काय उगवतं ते मला माहीत नाही. खूप वाईट वाटलं, रात्री झोप नीट लागली नाही.

तर पाहिजे काय ते सांगतो. नुसती बाग नको. झाडी पाहिजे, पायाखाली जमेल तेवढी माती, फार चढ नको, आणि संडास-बाथरूमची सोय असली तर बरं. मला रविवार आणि दुसरा शनिवार मिळतो. मुलगी ९ वर्षांची आहे तीही येणार. बायकोला बिबट्याची भीती वाटते, तिला समजावता येईल असं काही सांगितलंत तर फार उपकार होतील. गाडी नाहीये, लोकल, बस, रिक्षा चालेल.

रानवाट_बोरिवली

पहिलं उत्तर अण्णांच्या प्रश्नाचं देतो. हो, आहे. भरपूर आहे. आणि २०२४ लाच फुलून गेली. आठ वर्षांनी एकदा फुलते हे त्यांना मी सांगायला नको, इथला हिशोब २००८, २०१६, २०२४ असा आहे, पुढची आता २०३२. सध्या गेलात तर फुलून गेलेल्या कारवीच्या वाळक्या काठ्या उभ्या दिसतील आणि त्यांच्या बुडाशी ह्या पावसात उगवलेली नवी रोपं. अण्णांना हे नक्की दाखवा, आणि दाखवा म्हणजे काय, ते तुम्हालाच दाखवतील.

मी १९९८ पासून पार्कात सकाळी चालायला जातो त्यामुळे जे सांगतोय ते पायाखालचं आहे. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरा, तिथून गेट चालत पंधरा-वीस मिनिटं, अण्णांसाठी रिक्षा करा. सोमवारी पार्क बंद. साडेसातला तिकीटखिडकी उघडते तेव्हाच पोचा, रविवारी नऊनंतर पिकनिकवाल्यांची गर्दी होते आणि मग पक्षी काय नि कसलं काय. प्लास्टिक नेऊ नका, खायचं पिशवीत वरती दिसेल असं तर मुळीच नेऊ नका, माकडं हातातून ओढून घेतात आणि म्हातारं माणूस त्या झटापटीत पडू शकतं.

आतला मुख्य रस्ता डांबरी आहे हे आधीच सांगून ठेवतो, पण दोन्ही बाजूला मातीची कड आहे आणि एका अंगाने दहिसर नदी वाहते. हीच नदी पुढे दहिसरला जाऊन जो काही नाला झालाय तो आपण सगळे ट्रेनमधून बघतो, इथे ती तुळशी तलावातून निघून दगडांवरून वाहत येते आणि तळ दिसतो. पहिल्या दिवशी एवढंच करा. गेटपासून आत नदीच्या कडेने अर्धा-पाऊण तास, एखाद्या दगडावर बसा, परत या. कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, तिथे जायला आतून बस मिळते, ती दुसऱ्या खेपेला.

मातीची खरी पायवाट पाहिजे असेल तर शिलोंड्याची वाट आहे, ओढ्याच्या कडेने जाते. पण तिथे आपलं आपण जायचं नाही, पार्कातल्या निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी आणि सोबत वाटाड्या घ्यावा लागतो. अण्णांचा पाय बघून ठरवा, ओढा ओलांडताना दगड शेवाळलेले असतात. ते जानेवारीनंतर ठेवा, पाणी उतरलेलं असतं.

आता बिबट्या. वहिनींची भीती खोटी नाहीये, तिला हसू नका. पार्कात नि आसपास मिळून पन्नासच्या आसपास बिबटे आहेत. पण तो मुख्यतः रात्रीचा प्राणी आणि माणूस उभा दिसला की बाजूला होतो. एवढ्या वर्षांत मला तो मोजून तीन वेळा दिसला आणि तिन्ही वेळा मी त्याला बघेपर्यंत तो निघून चालला होता. नियम साधे आहेत, उजाडल्यावर जायचं, अंधाराच्या आत परतायचं, मुलीला मागे एकटी रेंगाळू द्यायची नाही, झुडपाच्या आडोशाला कुणी उकिडवं बसायचं नाही (बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो), संडासला जायचं तर बांधलेलं आहे तिथेच. आणि खरकटं टाकायचं नाही, खरकट्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे तो येतो, वस्तीजवळ तो दिसण्याचं एक मोठं कारण हेच आहे.

एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. इथे खाली लोक तुम्हाला दहा जागा सांगतील आणि सगळ्या चांगल्या असतील. पण अण्णांसाठी एकच जागा धरा आणि तिथे परत परत जा. रानातला माणूस रान बघायला जात नाही, त्याची रानात ये-जा असते. तेच झाड परत दिसलं, त्याला पालवी आली, मग शेंग धरली, असं झालं की ती वाट त्यांची होईल. फेब्रुवारीत कुसुंबाला लाल पालवी येते, तेव्हा पळस, पांगारा, काटेसावर पण फुललेले असतात, लोक लांबून बघून सगळंच फूल समजतात, अण्णा बरोबर ओळखतील.

फिरस्ता९१

दादा वरच्यांनी मस्त सांगितलंय. माझ्याकडून दोन. एक म्हणजे मलबार हिलचा नवीन नेचर ट्रेल, २०२५ च्या मार्चमध्ये सुरू झालाय, कमला नेहरू पार्कच्या तिकडे. लाकडी पूल आहे, झाडांच्या मधून उंचावरून जातो, पाचशे मीटरपेक्षा थोडा कमीच, शेवटी समुद्र दिसतो. ऑनलाइन स्लॉट बुक करायचा, २५ रुपये. आजोबांना चढ नाही, रेलिंग आहे, फांद्या डोळ्यासमोर येतात, मुलीला पण आवडेल. कांदिवलीहून लांब पडेल तेवढंच.

दुसरं म्हणजे नॅशनल पार्कला तिकीट काढून गर्दीत कशाला जायचं, गोरेगावच्या आरे कॉलनीच्या बाजूने मागून वाटा आहेत, आम्ही पावसाळ्यात जातो, एक धबधबा पण आहे, कोणी अडवत नाही सकाळी लवकर गेलं तर. पाहिजे तर लोकेशन मेसेज करतो.

पाड्यावरचा

फिरस्ता भाऊ, ते लोकेशन कृपा करून कोणाला पाठवू नका. आणि सावित्रीकाठ दादा, तुम्ही त्या वाटेने वडिलांना आणि मुलीला नेऊ नका.

मी आरेतल्या एका पाड्यावर राहतो, माझा जन्म तिथला, आजाचा पण तिथलाच. आरेत २७ आदिवासी पाडे आहेत, दूध कॉलनी १९४९ ला आली त्याच्या आधीपासून आमची माणसं आहेत. तुम्ही जी वाट म्हणता ती आमच्या बायका सरपणाला वापरतात. पावसाळ्यात रविवारी तिथे शंभर-शंभर पोरं येतात, स्पीकर लावतात, बाटल्या फोडतात, मागच्या वर्षी माझ्या चुलतबहिणीच्या पायात काच गेली ती पाच टाके पडले. आणि जिथे आरे संपून पार्क सुरू होतं तिथे परवानगीशिवाय आत जाणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कोणी अडवलं नाही म्हणून तो गुन्हा नाही असं होत नाही. पाय मुरगळला तर तिथे मोबाईलला रेंज नाही, म्हाताऱ्या माणसाला उचलून कोण आणणार?

रागाने लिहीत नाहीये. लोकांनी झाडं बघावी, आम्हाला चांगलंच वाटतं. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन-तीन दिवसांत दोन हजारांच्या वर झाडं तोडली तेव्हा शहरातली माणसंच आमच्या सोबत रस्त्यावर आली होती, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून तर सांगतो, यायचं तर उजेडात या, मुख्य रस्त्याने या, कोणाच्या तरी ओळखीने पाड्यावर या, दोन घटका बसा. माझी आत्या पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन गोरेगावला बसते, सगळं ह्याच जमिनीतलं. तुमच्या वडिलांना ह्या भाज्या माहीत असणार, आत्याशी त्यांचं बोलणं जमेल.

बिबट्याचं वरच्या दादांनी बरोबर सांगितलं. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात आणि वाघदेवाला पुजतात, आता दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येईल. तो इथला आहे हे धरूनच आम्ही वागतो, दिवस मावळला की पोरं घरात, रात्री बाहेर पडलो तर बॅटरी आणि मोठ्याने बोलत चालायचं.

फिरस्ता९१

माफ करा दादा. खरंच असा विचार केला नव्हता. आम्ही कचरा करत नाही पण लोकेशन आम्हीच पुढे पाठवलंय आणि मग तिथे कोण येतं ते आमच्या हातात राहत नाही हे बरोबर आहे. ग्रुपवरचं काढून टाकतो आत्ताच.

मधुरा_सायन

सावित्रीकाठ, तुमच्या बाजूला नाहीये तरी एकदा तरी अण्णांना माहीमच्या निसर्ग उद्यानात न्या, महाराष्ट्र निसर्ग उद्यान असं नाव आहे, धारावी डेपोच्या समोर. सायन स्टेशनवरून रिक्षा.

का सांगते ते ऐका. ही जागा म्हणजे मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होतं, कचऱ्याचा डोंगर. १९८३ ला तिथे झाडं लावायला सुरुवात झाली आणि १९९४ ला लोकांना उघडलं. सदतीस एकर आहे. आज आत गेलात की पंधरा पावलांत रस्त्याचा आवाज खाली बसतो, वरती फांद्या एकमेकींत गेलेल्या आणि खाली पाचोळा. माझ्या आईला मी सांगितलं की आपल्या पायाखाली सगळा कचरा आहे तर तिचा विश्वास बसेना. पावसाचं पाणी साठवायला मोठं तळं केलंय त्याच्यावरच झाडं जगतात, उन्हाळ्यातही. मागच्या बाजूला मिठी नदी आणि खाडी, तिवरं आहेत. वास येतो कधीकधी खाडीचा, खोटं कशाला सांगू, पण आतमध्ये फुलपाखरांच्या बागेकडे गेलं की जाणवत नाही.

ऑफिसला जायच्या आधी मी आठवड्यातून एकदा तरी जाते, गेली सहा वर्षं. २०१९ मध्ये माझी नोकरी गेली होती तेव्हा घरी सांगितलं नव्हतं आणि डबा घेऊन रोज इथे येऊन बसायचे. एक तांबट होता, समोरच्या वाळक्या फांदीत त्याने भोक पाडलेलं, दिवसभर टुक टुक टुक, आणि मधेच त्या भोकातून नुसतं डोकं बाहेर काढून बघायचा, कपाळावर लाल ठिपका. तीन आठवडे मी त्याला बघत काढले. ते झाड नंतर पावसात पडलं पण ती बाकडी आहे अजून.

रानवाट काकांचं एकच जागा धरा हे अगदी खरंय. माझी ही आहे. पण शेतकरी माणसाला कचऱ्यावर उभं केलेलं रान बघायला आवडेल असं वाटलं म्हणून लिहिलं. जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

शोभा_परळ

मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६८, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे अण्णांच्या वयाच्या बाजूने बोलते.

पोरांनो तुम्ही सगळे डोंगर सांगताय पण राणीबाग कुणी सांगितली नाही. भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ पासूनची बाग आहे. लोक पिंजऱ्यांच्या आणि पेंग्विनच्या रांगेत उभे राहतात आणि झाडांखालून चालत जाऊन वर बघत नाहीत ह्याचं मला फार दुःख होतं, कारण अशी झाडं मुंबईत दुसरीकडे एकत्र बघायला मिळणं मुश्कील आहे. गोरखचिंचेचा बुंधा बघा, चार माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही. कैलासपती आहे, त्याचं फूल खोडालाच लागतं, आत बघितलं तर पिंडीवर नागाचा फणा धरल्यासारखं दिसतं, आणि त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. उर्वशी आहे, तिची फुलं थंडीत येतात, लाल झुंबरं लोंबल्यासारखी. मी शाळेच्या मुलांना घेऊन यायचे तेव्हा प्रत्येकाला खाली पडलेलं एक पान उचलायला सांगायचे आणि ते कुठल्या झाडाचं ते शोधून काढायचं, मुलं जेवण विसरायची. नातीला सांगा हे करायला.

सपाट आहे, सावली आहे, बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृह आहे. बुधवारी बंद असते. सकाळी लवकर जा, तिकीट काढून सरळ झाडांकडे.

आणि एक बोलते, रागावू नका. अण्णांना रोज काहीतरी काम लागेल. बघायला नेलंत तरी परत येऊन ते खुर्चीतच बसणार. गॅलरीत दोन कुंड्या द्या त्यांना, पण शोभेच्या नकोत, मिरची, अळू, गवती चहा असलं काहीतरी ज्याला वास आहे.

रानवाट_बोरिवली

शोभाताई, अगदी बरोबर बोललात. पाड्यावरचा भाऊ, तुमची पोस्ट मी जपून ठेवलीय, पार्कात येणाऱ्या नवीन लोकांना दाखवीन.

एक राहिलं. ह्या दिवसांत पायवाटेवर आडवी मोठी मोठी जाळी असतात, तळहाताएवढी कोळीण मधे बसलेली, काळी-पिवळी. उन्हात जाळ्याचा धागा सोनेरी चमकतो. काही करत नाही ती. मुलीला घाबरू देऊ नका, उलट नीट बघायला सांगा, त्याच जाळ्यात कडेला मुंगीएवढा दिसणारा एक बारका कोळी असतो, तो तिचा नवरा.

सावित्रीकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी असावी, मधे दिवाळी होती. सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही म्हणून काय झालं तेच सांगतो.

पहिल्या रविवारी रानवाट काकांनी सांगितलं तसंच केलं. साडेसातला गेटवर, नदीच्या कडेने. अण्णांनी आत गेल्यावर दहा मिनिटांत चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं काटा लागेल, तर म्हणाले "लागूंदे." एका झाडाशी थांबले, खोड मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं, त्याच्यावरून हात फिरवला आणि मुलीला बोलावलं. खाली पडलेलं पान उचलून उलटं केलं आणि देठाजवळच्या दोन बारक्या गाठी तिला दाखवल्या, नखाएवढ्याही नाहीत. "ह्या दोन गाठी दिसल्या की ऐन समजायचा, मग फांदी किती का वर असंना." मला एवढ्या वर्षांत त्यांनी हे कधी दाखवलं नव्हतं, किंवा दाखवलं असेल आणि माझंच लक्ष नसेल. मुलीने घरी येईपर्यंत अकरा पानं गोळा केली, पण गेटवर अण्णांनीच तिला ती ठेवायला लावली, इथलं इथेच ऱ्हाऊंदे म्हणाले.

कोळीण दिसली. आणि तिचा नवरापण. बायको पण आली होती, ती तिथे पाच मिनिटं उभी होती, बिबट्याचा विषय त्या दिवशी तिने एकदाही काढला नाही. उकिडवं बसायचं नाही हे मात्र ती येता-जाता सगळ्यांना सांगत होती, अनोळखी लोकांना पण.

दुसऱ्या खेपेला बसने कान्हेरी. मला वाटलं होतं लेणी बघून अण्णा कंटाळतील. शंभराच्या वर लेणी आहेत, मोठ्या चैत्यात बुद्धाच्या उंच मूर्तींपुढे हात जोडून ते दोन मिनिटं उभे राहिले, पण नंतर बाहेर आले ते लेण्यात परत गेलेच नाहीत, पाण्याच्या मागे लागले. कातळात जागोजागी पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि वरून पाणी आणायला दगडात बोटभर रुंदीच्या चऱ्या. अण्णांनी एका चरीत बोट घातलं आणि ते बोट न काढता चरीच्या बाजूने सरकत सरकत चालत गेले, कुठे वळली, कुठे दुसरी येऊन मिळाली, आणि शेवटी टाक्यापाशी येऊन थांबले. मग म्हणाले, "ज्यानं ह्यो उतार काढला त्यानं शेती केलेली असनार." आमच्या शेताला पाट होता, दर वर्षी ते आणि आई तो नीट करायचे. ते बोलले नाहीत पण मला कळलं.

कारवी तिथेच वरच्या अंगाला दिसली. वाळक्या काठ्या, काकांनी लिहिलं होतं तशाच. अण्णांनी एका काठीवर नखाने टिचकी मारली, कान लावला, म्हणाले कुडाला चालेल अशी झालीय. मुलीने कुड म्हणजे काय विचारलं. तर आमचं जुनं घर, मी चार वर्षांचा असेपर्यंत होतं ते, त्याच्या आतल्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या, वरून शेण-मातीचा गिलावा, ते सगळं तिथे दगडावर बसून तिला सांगितलं. काठ्या कधी तोडायच्या, कशा विणायच्या, आई गिलाव्यात भाताचा कोंडा कसा मिसळायची. आई गेल्यापासून तिच्याबद्दल ते आमच्यासमोर पहिल्यांदा एवढं बोलले.

गॅलरीत अळू आणि गवती चहा लावलाय शोभाताई. मिरचीचं बी पण टाकलंय, अजून वर आलेलं नाही, दिवसातून चार वेळा बघून येतात.

पाड्यावरचे दादा, तुम्ही म्हणालात तसं आत्यांना भेटायला यायचं आहे, पण त्या भाज्या पावसाळ्यातल्या, तर पुढच्या जूनमध्ये शेवळं निघाली की सांगाल का? अण्णा म्हणतात शेवळाला काकडं (एक रानफळ) लागतात, नाहीतर घसा खाजतो, ती इकडे मिळतात का ते पण विचारा म्हणाले.

आता एक प्रश्न. अण्णांना रोज जायचंय. मी कामावर असतो, रोज सोबत जाऊ शकत नाही. सकाळच्या चालण्याचा पास असतो असं ऐकलं, तो कसा काढायचा, आणि त्यांच्या वयाचे कोणी एकत्र जातात का?

रानवाट_बोरिवली

पासाचं गेटवरच्या ऑफिसात विचारा, कुठली कागदपत्रं लागतात आणि ज्येष्ठांना सवलत आहे का ते तिथेच कळेल. आमचा सात जणांचा गट आहे, सगळ्यात लहान मी, वय ५९. थंडीत सहाला निघतो, अंधार असेल तर गेटजवळच थांबतो आणि उजाडलं की आत. तुमच्या इथून येणारे एक पाटील म्हणून आहेत, रिक्षाने येतात, अण्णांना सोबत आणतील, मी त्यांच्याशी बोललोय. नंबर मेसेजमध्ये पाठवतो. आमच्यात झाडांची नावं सांगणारं कोणी नाहीये, पक्ष्यांपुरतं मी बघतो.

पाड्यावरचा

काकडं मिळतात दादा, आत्याच घेऊन बसते शेवळांच्या बाजूला. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत सांगतो.

सावित्रीकाठ

मंगळवारपासून येतायत अण्णा. काठी घेऊन येतील, टेकायला नाही, सवय आहे म्हणून.